अंशाची खूण राहून गेली

सिग्नलला शेजारी येऊन थांबलेल्या ट्रकवर जागेवाल्यांना स्वतःचं तोंड दिसलं.

ट्रक गोठवलेल्या मटारांचा होता. पांढराशुभ्र पत्रा, आणि त्यावर माणसाच्या उंचीचे काळेकुट्ट आकडे. आधी उणेची रेघ, मग अठरा. अठराच्या पुढे तापमानाच्या अंशाचं इवलंसं वर्तुळ असायला हवं होतं, तिथं आकड्यांच्याच उंचीचं एक झोपलेलं म्हातारं डोकं होतं. जबडा उघडा, डावा कान उजव्यापेक्षा मोठा, नाक खाली घसरत आलेलं आणि नाकाच्या शेंड्याला एक थेंब.

गाडी लेक चालवत होती. तिनंही पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "ते तुम्ही आहात."

"मला दिसतंय."

"केवढे मोठे आहात."

"हिरवा पडला. चल."

ती हसायच्या बेतात होती, पण बापाच्या चेहऱ्याकडे पाहून तिनं हसू गिळलं. जागेवाल्यांनी खिडकीची काच वर केली. त्यांनी रुमाल तोंडाशी धरला, आणि घर येईपर्यंत तो काढला नाही.

त्यांना जागेवाले म्हणायचे ते त्यांच्या कामामुळे. बायको अक्षरं काढायची आणि जागेवाले त्या अक्षरांमधल्या जागा ठरवायचे. छापायच्या अक्षरांचा संच, म्हणजे फॉन्ट, करणाऱ्या लोकांत हे काम वेगळं धरतात. दोन अक्षरं फार जवळ आली तर चिकटतात, फार लांब गेली तर शब्द दात पडल्यासारखा दिसतो. जागेवाले तीस वर्षं ही पांढरी जागा मोजत आले होते. शेजारच्या एका गृहस्थांनी नाव ऐकून त्यांना एकदा विचारलं होतं, की गावाबाहेर एखादा बरा प्लॉट बघून द्याल का. बायको त्यावर महिनाभर हसत होती.

तिची कामाची तऱ्हा वेगळी होती. संगणकावर जाण्याआधी ती प्रत्येक अक्षर काळ्या कार्डातून पातीनं कापायची. "काढताना हात लबाडी करतो," ती म्हणायची. "कापताना करता येत नाही. चुकलं की चुकलं." कापलेली अक्षरं ती पांढऱ्या टेबलावर टाकायची आणि जागेवाले विणायच्या सुईच्या टोकानं ती इकडेतिकडे सरकवत बसायचे. दोघंही तासन् तास गप्प. मध्येच ती म्हणायची, "अहो, श्वास घ्या." तेव्हा त्यांच्या लक्षात यायचं की आपण श्वास धरून बसलो होतो.

तिचा गाजलेला फॉन्ट म्हणजे 'झेप'. जाडजूड, भविष्यातला वाटावा असा. अक्षरांचे कोपरे करवतीनं तिरके उडवल्यासारखे, अक्षराच्या पोटातली मोकळी जागा दाबून दाबून नुसती चीर उरलेली, आणि सगळ्यांतून एक तिरपा काप गेलेला, वेगानं काहीतरी कापत गेल्यासारखा. अंतराळाच्या एका प्रदर्शनाच्या भित्तिपत्रकासाठी तिनं तो केला होता. पहिल्यांदा टेबलावर मांडून तिनं विचारलं, "कसा आहे?"

"छान आहे," जागेवाले म्हणाले. "भारदस्त वाटतो."

"खोटं बोलताना तुमचे कान हलतात," ती म्हणाली, आणि पुढचं अक्षर कापायला लागली.

खरं सांगायचं तर त्यांना तो फॉन्ट पाहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. मनातल्या मनात ते त्याला रणगाडा म्हणायचे. त्यात जागाच नव्हती. जिथं जागाच नाही, तिथं जागेवाल्यानं करायचं काय? पण बायकोचं काम होतं, आणि तिला ते करताना जितकं खुशीत पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून बारा वर्षं ते गप्प राहिले.

लोकांना मात्र रणगाडा फार आवडला. ज्याला ज्याला आपला माल उद्याचा आहे असं दाखवायचं होतं, त्यानं झेप विकत घेतला. आधी मोटारींचे खेळ आले, मग व्यायामशाळा. मग डबाबंद जांभळं पेय, ज्यानं पोरांची छाती धडधडते. मग संडास धुवायचं औषध, उंदीर मारायची गोळी, टक्कल झाकायची पावडर. जागेवाल्यांना वाटायचं, पुढच्या काळात काय काय असणार हे झेप पाहून कळतं: तिथं प्रत्येक माणूस घामेजलेला, चिडलेला आणि सवलतीच्या दरात असणार. रस्त्यानं जाताना ते पाट्या वाचायचं टाळायचे. एकदा गटाराच्या कडेला चिरडलेल्या उंदराशेजारी गोळीचा रिकामा खोका पडलेला, आणि त्यावर बायकोनं तीन दिवस खपून कापलेलं अक्षर. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

आणि मग तिच्या पोटात गाठ निघाली. तपासणीच्या यंत्रात तिला आत सरकवलं तेव्हा यंत्राच्या कपाळावर कंपनीचं नाव झेपमध्येच लिहिलेलं होतं. ती उताणी पडल्या पडल्या हसली. "बघा ना," म्हणाली, "माझंच अक्षर." जागेवाले काचेपलीकडे उभे होते. त्यांनी मान हलवली, आणि बाहेर येऊन बेसिनमध्ये ओकले.

ट्रकवरच्या तोंडाची गोष्ट अशी, की प्रत्येक फॉन्टात एक जास्तीचं चित्र असतं. फॉन्टात नसलेली खूण कोणी मागितली, तर संगणक त्या ठिकाणी हे चित्र दाखवतो. बहुतेक लोक तिथं रिकामा चौकोन ठेवतात. बायको तिथं नवरा ठेवायची. लग्नानंतरच्या पहिल्या फॉन्टापासून तिचा हा उद्योग होता. प्रत्येक फॉन्टात त्या त्या वर्षाचे जागेवाले, दर वेळी नवे कापलेले आणि दर वेळी झोपलेले. "जिथं काही नसतं तिथं तुम्ही असता," असं ती म्हणायची. हा टोमणा होता की दुसरं काही, हे जागेवाल्यांनी कधी विचारलं नाही.

फॉन्ट विकायला जायच्या आधी शेवटची तपासणी जागेवाल्यांची. लागणाऱ्या सगळ्या खुणांची यादी समोर घ्यायची आणि एकेक खूण छापून तिच्यापुढे टिक मारत जायचं. एखादी राहिली की कागदावर त्यांचंच घोरणारं तोंड उमटायचं आणि बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "आलात का?" जागेवाले ती खूण तिच्याकडून करून घ्यायचे आणि तोंड परत आत जायचं. तीस वर्षांत एकदाही ते घराबाहेर गेलं नव्हतं. बाहेर जाणार नाही याची खात्री होती, म्हणून तर ती ते तिथं ठेवत होती.

यंदा गेलं. 'झेप महाजाड' हा त्या फॉन्टाचा सगळ्यात जाड प्रकार तिनं आजारपणात पुरा केला. त्यातलं तोंड तिनं रुग्णालयाच्या खाटेवर बसून कापलं होतं, जागेवाले समोरच्या खुर्चीत पेंगत असताना. नर्सनं पाती काढून घेतली तेव्हा ती म्हणाली, "झालंच होतं, फक्त थेंब राहिला होता." थेंब तिनं नखानं पाडला. घरी आल्यावर तिनं ते कागदी तोंड संगणकात चढवलं. कागद पुढे आवराआवरीत कुठं गेला, कोणाला कळलं नाही.

यादी तपासायची ती जागेवाल्यांनी तपासली. त्या दिवसांत तिला ताप भरायचा. दर चार तासांनी ते थर्मामीटर बघून वहीत आकडा लिहायचे आणि आकड्यापुढे अंशाचं वर्तुळ काढायचे. दिवसाला सहा वर्तुळं. असली वर्तुळं त्यांनी दोनशेच्या वर काढली असतील. आणि टेबलावर यादी घेऊन बसले तेव्हा अंशाच्या खुणेपुढे त्यांनी छापून न बघताच टिक मारली, ती खूण कोणी कापलेलीच नसताना. ती वहीत होती ना, रोज होती. डोळ्यांना वाटलं, आहे.

महाजाड विकायला गेला त्याच्या अकराव्या दिवशी ती गेली.

ट्रक दिसला त्याच्या दुसऱ्या दिवशी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. अक्षरांचं दुकान त्याचं, म्हणजे फॉन्ट विकायचं काम तो बघायचा. दारातूनच त्यानं हात पसरले.

"भाऊजी! अहो, काय हे! तुम्ही हिट आहात, हिट!"

"चपला बाहेर काढ," जागेवाले म्हणाले.

मेहुण्यानं चपला काढल्या आणि फोनवर चित्रं दाखवायला सुरुवात केली. झालं होतं असं, की मटारवाल्या कंपनीला वाटलं हे झोपाळू डोकं छापणाऱ्यानं कल्पकतेनं घातलंय, आणि छापणाऱ्याला वाटलं हा कंपनीचाच कोणीतरी आहे. दोघांनीही पसंतीची सही केली. चाळीस ट्रक रंगले. आणि लोकांना ते डोकं भलतंच आवडलं. थंडीनं गोठून झोपलेला म्हातारा! पोरांनी त्याचं नाव 'घोरू' पाडलं. घोरूसमोर उभं राहून, तोंड वासून, डोळे मिटून फोटो काढायची टूम निघाली होती.

"आता कंपनीला तो कायमचा हवाय," मेहुणा म्हणाला. "मटारावर, मक्यावर, आइस्क्रीमवर. फक्त चित्र ताईचं, म्हणजे आता तुमचं आणि लेकीचं. तुम्ही दोघांनी एक सही केली की झालं."

"आणि नाही केली तर?"

"नाही कशाला करायची? अहो, माणसं आयुष्यभर धडपडतात, कोणी ओळखत नाही. तुम्ही झोपल्या झोपल्या प्रसिद्ध झालात!" तो स्वतःच्याच विनोदावर हसला, मग थांबला. त्याचेही डोळे ओले होते, हे जागेवाल्यांना दिसलं. बहीण गेल्यापासून तो असाच मोठ्यानं बोलत होता. "भाऊजी, ताई असती तर पोट धरधरून हसली असती."

"असती."

"मग?"

"ती हसली असती आणि मी तिला हसताना बघितलं असतं. आता मी काय बघू? मटार?"

मेहुण्यानं चहा घेतला आणि कागद टेबलावर ठेवून गेला. जागेवाल्यांनी कागदाला हात लावला नाही. दोन दिवस त्याच्या कडेकडेनं जेवले.

पण शहरात घोरू वाढत गेला. सही व्हायची होती तरी कंपनीनं 'चाचणी म्हणून' आइस्क्रीमची पाकिटं काढली होती. जागेवाले सकाळी दूध आणायला निघाले, की फुटपाथवर त्यांची आठदहा तोंडं पडलेली असायची. त्यांच्यावरून सायकली जायच्या. एका तोंडाला मुंग्या लागलेल्या. एका कुत्र्यानं तर कोपऱ्यात बसून अगदी मन लावून त्यांचं नाक चाटलं. घरातली चादर कोणीतरी चौकात आणून वाळत घालावी आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं तिला तोंड पुसावं, तसं त्यांना वाटायचं. आणि ती चादर चौकात नेली कोणी, तर आपणच. ही किळस दुसऱ्या कोणावर ढकलता येत नव्हती.

त्या शनिवारी मेहुण्यानं गळ घातली. एका मोठ्या दुकानात घोरू लोकांना भेटणार होता. "एकदा प्रत्यक्ष बघा, मग नाही म्हणा," तो म्हणाला. लेक म्हणाली, "चला बाबा, मी आहे." म्हणून ते गेले.

दुकानाच्या गोठवलेल्या मालाच्या भागात गर्दी होती. मधोमध फोमचा मोठा घोरू. अंगात कोणीतरी माणूस. नाक हातभर लांब, आणि थेंबाच्या जागी निळा दिवा, जो लुकलुकायचा. पोरं रांगेनं येऊन नाक ओढत होती. एका बाईनं घोरूच्या नाकपुडीत बोट घालून फोटो काढला आणि तिच्याबरोबरचे सगळे खो खो हसले. एका पोरानं आइस्क्रीमचे हात त्या नाकाला पुसले. ध्वनिवर्धकातून घोरण्याचा आवाज चालू होता. तो कोणाचा होता कोणास ठाऊक; जागेवाले तसे घोरत नव्हते. बायकोनं सांगितलं होतं त्यावरून ते शिट्टी वाजवायचे.

"बाबा, जाऊया का?" लेकीनं विचारलं. तिचाही चेहरा आता उतरला होता.

तेवढ्यात कंपनीची जाहिरातवाली बाई धावत आली. "सर! तुम्हीच ना ते? अगदी ओरिजिनल!" तिनं त्यांचं नाक आधी समोरून आणि मग बाजूनं पाहिलं, दुकानात भोपळा पाहतात तसं. "आमच्या आर्टिस्टनं कान जरा छोटा केलाय, चालेल ना?"

"तो मोठाच आहे," जागेवाले म्हणाले.

ती त्यांना मागच्या गोदामात घेऊन गेली. तिथं फोमचा माणूस डोकं काढून खोक्यावर बसला होता. पन्नाशीचा, पूर्वी शाळेत कवायत शिकवणारा. केस डोक्याला चिकटलेले, आणि शेजारी ठेवलेल्या पोकळ डोक्यातून ओल्या फडक्याचा, आंबलेल्या घामाचा वास येत होता. आत डोकावलं तर नाकाची पोकळी घामानं काळी पडलेली. त्यानं जागेवाल्यांकडे पाहिलं, मग डोक्याकडे, मग परत जागेवाल्यांकडे.

"अरे बापरे," तो म्हणाला. "काका, मी तुमच्या आतच बसतो की दिवसभर."

"गरम होत असेल."

"विचारू नका. सकाळी एकदा आत ओकलो. पुसलं नीट, पण वास जात नाही." मग त्याला वाटलं आपण जास्त बोललो. "माफ करा हं काका. काढलंय मात्र छान कोणीतरी. ज्यानं काढलं त्यानं तुम्हाला पुष्कळ दिवस बघितलेलं दिसतंय."

जाहिरातवाली बाई कागद आणि पेन घेऊन उभी होती. "मॅडमनी किती प्रेमानं केलंय ना सर. ते प्रेम आता घराघरांत जाईल."

"प्रेमानंच केलंय," जागेवाले म्हणाले. "म्हणून नाही."

"म्हणजे सर?"

"म्हणजे सही करणार नाही. आणि पाकिटं बंद करा. मटार विकायला केलेलं नाही ते."

मेहुणा गोदामाच्या दारात उभा होता. घरी परतताना गाडीत तो फुगून बसला. शेवटी फुटलाच. "भाऊजी, तुम्हाला झेप कधी आवडलाच नाही. मला माहीत आहे. ताईलाही माहीत होतं. आता तिची एक गोष्ट लोकांना आवडली तर तीही तुम्हाला बघवत नाही."

"मामा," लेक म्हणाली.

"बोलू दे त्याला," जागेवाले म्हणाले. "खरं आहे. मला झेपची शिसारी येते. पहिल्यापासून. पण ते तोंड झेपचं नाही. ते आमच्या दोघांचं होतं, आणि माझ्या गलथानपणानं बाहेर पडलं. ते मला परत आत घालायचंय. मला एवढंच हवंय."

मेहुणा उतरताना म्हणाला, "मी सांगतो कंपनीला. पण आत कसं घालणार, ते तुमचं तुम्ही बघा."

घरी आल्यावर लेकीनं संगणक उघडला. आईबापाच्या हाताखाली वाढलेली, तिला सगळं यायचं. "बाबा, यात अवघड काय आहे? हे बघा तोंड. एक बटण दाबायचं, हे जाईल. तिथं चौकोन घालू. नवा फॉन्ट सगळ्यांना पाठवू. विषय संपला."

जागेवाल्यांनी तिचा हात धरला. "नको."

"मग वेगळं काढून ठेवू. चौकट करून भिंतीवर लावू."

"भिंतीवर ते नुसतं म्हाताऱ्याचं चित्र होईल. तिनं ते जिथं ठेवलं तिथंच राहायला हवं."

"पण मग ते परत दिसणार! कोणी अंशाची खूण मागितली की उगवाल तुम्ही."

"म्हणून अंशाची खूण करायची."

"कोण करणार?"

त्यांनी ड्रॉवरमधून बायकोची पाती काढली, काळं कार्ड काढलं. लेक बघतच राहिली. बापानं जन्मात एक अक्षर कापलं नव्हतं.

नुसतं वर्तुळ कापायचं असतं तर ठीक होतं. पण हे रणगाड्यातलं वर्तुळ. म्हणजे चार कोपरे तिरके उडवलेला चौकोन, आत पोटाची नुसती चीर, आणि सगळ्यातून तो तिरपा काप. बारा वर्षं ज्याच्याकडे पाहून त्यांना मळमळलं, तेच आता स्वतःच्या हातानं करायचं. पहिलं कापलं ते मोडक्या खिळ्यासारखं दिसलं. दुसऱ्या वेळी अंगठा कापला. तिसऱ्या वेळी ते "शी!" म्हणून उठले आणि हात धुऊन आले, हाताला काही लागलेलं नसताना. संध्याकाळपर्यंत टेबलाखाली बावीस वर्तुळं पडली. तेविसावं लेकीनं उचललं आणि म्हणाली, "हे चालेल."

"चालेल, पण घाण आहे."

"झेप आहे बाबा. घाणच असणार."

दोघंही पहिल्यांदाच हसले. ती गेल्यापासून पहिल्यांदाच.

फॉन्ट दुरुस्त होऊन गेला. कंपनीनंही चडफडत ऐकलं. सहीवाचून पुढे जाता येत नव्हतं. त्यांनी घोरू काढून पेंग्विन आणला. पेंग्विनला कान नसतात आणि त्याची सही लागत नाही. ट्रकांवर पांढरा कागद चिकटवून त्यावर जागेवाल्यांचं वर्तुळ आलं. पाकिटं हळूहळू फुटपाथवरून झाडली गेली. जागेवाले दूध आणायला खाली बघत जायला लागले आणि आठवड्याभरानं वर बघत.

मग एका दुपारी मेहुण्याचा फोन आला. आवाजात राग नव्हता, पण जपून बोलत होता.

"भाऊजी, एक सांगू? पोहण्याच्या तलावाची एक पाटी आहे. पाण्याची खोली लिहिलीय. एक मीटर आणि... ती अर्ध्याची खूण असते ना, छोटी? ती महाजाडमध्ये नाही. तिथं परत तुम्ही आलात. फरशीवर. ओल्या पायांनी लोक तुमच्यावरून चाललेत."

जागेवाल्यांनी फोन ठेवला आणि जुनी यादी काढली. आपण जी यादी तपासत आलो ती नेहमी लागणाऱ्या खुणांची, हे त्यांना माहीत होतं. पण त्या यादीबाहेर किती खुणा असतील? अर्धा, पाव, पाऊण. बाण. गाण्याच्या खुणा. हवामानाच्या, नकाशाच्या, गणिताच्या. यातली एकेक खूण म्हणजे एकेक दार. उद्या कोणीही, कुठंही, त्यातलं एखादं उघडेल आणि ते तोंड वासून बाहेर पडतील.

लेक कामावरून आली तेव्हा टेबलावर काळ्या कार्डांची नवी थप्पी होती.

"बाबा, हे काय?"

"सगळ्या खुणांची मोठी यादी असते ना, जगातली? ती काढ."

"त्यात हजारो असतात!"

"आपल्याला लागतील तेवढ्या. कोणी मागू शकेल तेवढ्या."

"अहो, ते बटण..."

"त्या बटणाला हात लावायचा नाही," जागेवाले म्हणाले, आणि एवढ्या कडक आवाजात म्हणाले की लेक खुर्ची ओढून खाली बसली.

तेव्हापासून हे चालू आहे. ती कामावरून आली की यादी वाचते आणि ते कापतात. पाव झाला, पाऊण झाला. बाण झाले, आठही दिशांचे, आणि प्रत्येक बाण रणगाड्याच्या नळीसारखा. छत्री झाली, जिच्याखाली कोणी भिजण्यापासून वाचणार नाही. फूल झालं, ज्याचा वास घ्यायला जावं तर नाक कापलं जाईल. त्यांना प्रत्येकाची किळस येते आणि ते प्रत्येक नीट करतात. एखादी खूण चिकटून बसली की ते अडून बसतात, विणायच्या सुईनं केसभर सरकवतात, परत सरकवतात. अंगठ्याला आता कायमची पट्टी आहे. मेहुणा येतो, बघतो, आणि काही न बोलता चहा ठेवतो. परवा तर तोही एक चांदणी कापून गेला. वाकडी होती. जागेवाल्यांनी ती टाकली आणि नवी कापली, पण त्याला सांगितलं नाही.

"पुढचं?" त्यांनी विचारलं.

लेकीनं यादीवर बोट ठेवलं. "बुद्धिबळाचा घोडा."

"हं."

"बाबा, झेपमध्ये घोडा कोण मागणार आहे?"

"मागेल कोणीतरी. माणसं काहीही मागतात."

त्यांनी पाती उचलली. घोड्याची मान झेपच्या नियमानं तिरकी उडवावी लागली, आयाळीचे तीन करवती दात झाले, आणि डोळ्याच्या जागी चीर. अर्ध्या तासानं त्यांनी तो पांढऱ्या टेबलावर टाकला आणि तोंड वाकडं केलं.

"शी," ते म्हणाले. "मेलेलं गाढव दिसतंय."

"मग राहू दे?"

"राहू दे कसं? मान नीट करतो. तू तोवर पुढचं वाचून ठेव."

आणि त्यांनी दुसरं कार्ड घेतलं.